भंगार की अवजार?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचे नित्याचे विनामूल्य साहाय्य थांबविले. त्या दिवशी कोणत्याही संगणकाचा पडदा फुटला नाही की कळफलक झिजला नाही. तरीही कोट्यवधी यंत्रे एका घोषणेने ‘जुनी’ ठरली. ‘विंडोज ११’ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व नव्या पिढीचा प्रोसेसर त्यांच्यात नाही, एवढाच त्यांचा दोष. यामुळे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतील, असा अंदाज ‘कॅनालिस’ या संस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तविला होता. यंत्राचे आयुष्य त्याच्या झिजेवर ठरावे की विक्रेत्याच्या मर्जीवर, हा यातील मूळ प्रश्न होय.

साकीनाक्याला हा प्रश्न परका नाही. शेजारच्या अंधेरीत १९७३ साली सीप्झ उभे राहिले ते परदेशी पाठवावयाच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. तेथून जवळच, साकीनाका-कुर्ला पट्ट्यातील भंगाराच्या गाळ्यांत, आयुष्य संपलेले संगणक सुटे होतात. तांबे व सोने काढण्यासाठी तारा जाळणे आणि सर्किटे आम्लात बुडविणे, हा या धंद्याचा सर्वांत घातक भाग. त्याचा धूर प्रथम कामगाराच्याच छातीत जातो.

या संदर्भात कणखर बांधणीच्या लॅपटॉपचे उदाहरण बोलके आहे. पॅनासॉनिकचे ‘टफबुक’ १९९६ पासून बाजारात आहे. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच, धूळपाण्यापासून बचाव, सहज बदलता येणारी बॅटरी आणि कित्येक जुन्या नमुन्यांत सिरियल पोर्ट. कारखान्यातील जुन्या सीएनसी यंत्राशी बोलण्यास हा पोर्ट आजही लागतो आणि नव्या नाजूक लॅपटॉपवर तो सहसा मिळत नाही. अशा यंत्राची काया धडधाकट असते. संपते ती केवळ त्यातील प्रणालीची मुदत.

येथे लिनक्स उपयोगी पडते. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली सुरू केलेले हे काम आज कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविली, रॅम चार जीबीपर्यंत नेली आणि डेबियनसारखी प्रणाली एक्सएफसीई या हलक्या मांडणीसह घातली, तर दहा-बारा वर्षांचे यंत्रही पत्रव्यवहार, हिशेब व अभ्यास यांस पुरे पडते. युनिकोड मराठीही त्यावर चालते.

मात्र लिनक्स ही संजीवनी नव्हे. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने ३२-बिट यंत्रांसाठी स्वतंत्र स्थापनासंच देणे बंद केले. तेव्हा फार जुन्या यंत्रांची वाट तेथेही अरुंद झाली आहे. टॅलीसारखे विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम त्यावर सरळ चालत नाहीत आणि जड संकेतस्थळांपुढे जुना प्रोसेसर दमतो. म्हणूनच हे काम कुशल कारागिराचे आहे.

आणि नेमका तोच कारागीर धोरणाच्या कडेला उभा आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी दुरुस्ती करून यंत्र पुन्हा वापरात आणणाऱ्यास स्थान दिले, हे योग्यच झाले. पण ते नोंदणीकृत व्यावसायिकास. आठ बाय दहाच्या गाळ्यातील माणसाला पोर्टल, प्रमाणपत्र व विवरणपत्रे यांचा सोपान चढणे अवघड. म्हणून यंत्र चालविण्यापेक्षा फोडणे त्याला सोयीचे वाटते. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला व त्यातील २२.३ टक्क्यांचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. हे पाहता कचरा होण्याआधीच तो रोखणे अधिक शहाणपणाचे.

उपाय अवाढव्य नाहीत. लहान दुरुस्तीकारांची नोंदणी सुलभ करावी. सरकारी कार्यालयांनी जुने संगणक लिलावात वजनावर फुंकण्यापूर्वी ते चालण्याजोगे आहेत काय, हे तपासावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत लिनक्स बसविणे व यंत्रदुरुस्ती एकत्र शिकवावी. मुक्त प्रणालींचा पुरस्कार करणारे धोरण केंद्राने २०१५ मध्येच स्वीकारले आहे. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तर त्याहूनही जुनी. आता उणीव आहे ती हे धोरण साकीनाक्याच्या गाळ्यापर्यंत पोहोचविण्याची. ते पोहोचले नाही, तर चालते यंत्र फोडून त्यातील चिमूटभर तांबे वेचणे यालाच आपण पुनर्वापर म्हणत राहू.