कोड्यात पडण्याची गोडी



आम्ही या शाळेत रुजू झालो त्या वर्षीची गोष्ट. पालकसभेत आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "मुलांचे मराठी सुधारण्यासाठी आम्ही पूर्ण चेष्टा करू." सभा खो-खो हसली. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा, हे ऐन वेळी ध्यानातच राहिले नाही. पुढे कित्येक दिवस चारचौघांत मराठी बोलायचा धीर होत नव्हता.

हा प्रसंग आठवला तो गूढ शब्दकोड्यांमुळे. नेहमीच्या शब्दकोड्यात 'पाणी' दिले की 'जल' लिहायचे, संपले. असे पहिले कोडे आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये दिले. त्याला गूढ वळण लागले ते इंग्लंडमध्ये. लंडनच्या 'टाइम्स'मध्ये १९३० सालापासून शब्दकोडे येते. आपल्यालाही हा खेळ परका नाही. गणपतीची लेखणी थबकावी म्हणून व्यासांनी महाभारतात कूटश्लोक घातले, ही कथा आपण ऐकलीच आहे.

गूढ कोड्याच्या सूत्रात एका टोकाला सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात शब्दांची कसरत. उदाहरणार्थ, 'पंखाला दाद मिळाली कालच्या आदल्या दिवशी' (३ अक्षरे). पंख म्हणजे 'पर', दाद म्हणजे 'वा'; उत्तर 'परवा'. 'कुंकवाचा धनी नवरात्रात लपला' (३). नवरात्रातच नीट पाहा, 'नवरा' सापडेल! 'विकता विस्कटले, काव्य झाले' (३). अक्षरांची जागा बदलली की 'कविता'. सूत्र आपल्याला फसवते खरे, पण खोटे बोलत नाही. उत्तर सापडले की प्रत्येक शब्द जागच्या जागी बसतो आणि स्वतःशीच हसू येते.

अडचणी आहेतच. इंग्रजीत एकेक अक्षर सुटे होते. आपल्याकडे काना-मात्रेसह अख्खे अक्षर एका घरात बसते. त्यामुळे उलटसुलट करून अर्थ लागेल असे शब्द थोडेच मिळतात आणि कोडे रचणाऱ्याचा घाम निघतो. सोडवणाऱ्याची कसोटी वेगळीच. अर्धा तास काहीच सुचत नाही. अशा वेळी मुलाला उत्तर सांगून मोकळे व्हावेसे आपल्याला वाटते. शिक्षक म्हणून ही घाई आम्हीही पुष्कळदा केली आहे. पण उत्तर हाती दिले की मुलाच्या वाट्याचा आनंद आपणच खाल्ला असे होते.

आमचे मत असे की, हा खेळ आपल्या मुलांसाठीच आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी, अशी ही मुले. दोन भाषांची सरमिसळ झाली की आपण वहीवर लाल रेघ ओढतो आणि मूल गप्प होते. चूक दाखवावीच लागते. पण एका शब्दाला दोन अर्थ असू शकतात हे ज्याला घरबसल्या ठाऊक आहे, तो गूढ कोड्यात इतरांच्या एक पाऊल पुढेच असतो. ज्या शब्दाने आमची फजिती केली, त्याचेच 'हिंदीत यत्न, मराठीत टवाळी' (२) असे सूत्र आम्ही परवा सातवीच्या फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाने पहिला हात वर केला.

म्हणून पुढील अंकापासून मुलांनी रचलेली सूत्रे या पानावर छापण्याचा आमचा विचार आहे. वर्गशिक्षकांकडे द्यावीत; शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.

आमच्याकडून आरंभ म्हणून हे एक: 'हिंदीत मिळवतात, मराठीत भोगतात' (२). उत्तर पुढील अंकात. तोवर पालकांनी मुलांना सांगू नये, ही नम्र विनंती.

– मुख्याध्यापक