कसब आणि कंत्राट

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे अंबरनाथची एमआयडीसी उभी राहिली. तेथील जुन्या टर्नर-फिटरला आपले काम केवळ पोटाची सोय वाटत नसे. यंत्रावर बसलेला हात हीच त्याची प्रतिष्ठा होती. त्याचा मुलगा आयटीआय करूनही मिळेल ते काम पत्करतो, तेव्हा ‘तरुणांना ध्येयच उरले नाही’ असा शेरा मारला जातो. तो उथळ आहे. कसब वर्षांनी येते. कंत्राट महिन्यांत संपते. १९७० च्या कायद्यातील कंत्राटी पद्धतीचे निर्मूलन बहुतांशी कागदावरच राहिले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तर मुदतीच्या नोकरीला अधिष्ठानच दिले. म्हणून कायम नोकरीची मागणी निव्वळ पगाराची नव्हे. कामावर जीव लावण्याच्या हक्काचीही आहे.