पंचवीस अंशांचा हिशेब नंदुरबारला पुरत नाही

इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या माहितीपत्रकातले बरेच आकडे 25 अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेले असतात. मे महिन्यात तोरणमाळला थोडा गारवा मिळतो, पण शहादा-तळोद्याच्या सपाटीवर पारा 42 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली, बंद डब्यातली हवा तर त्याहून तापते. डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनात नीट चाललेले निक्सी घड्याळ किंवा गायगर काउंटर उन्हाळ्यात दगा देते, तेव्हा संशय आधी कॉइलवर घ्यावा.

निक्सी नळीला 170 व्होल्टच्या आसपास लागतात, गायगर नळीला बहुधा 400. आपल्या हाती असते 12 व्होल्टची बॅटरी. मधली चढण चढवते ती तारेची छोटी कॉइल. मॉस्फेट चालू असताना ती ऊर्जा साठवते आणि तो बंद होताच डायोडमधून कपॅसिटरकडे ढकलते. हे सेकंदाला 50 हजार वेळा घडते.

आता हिशेब पाहू. 180 व्होल्टला 20 मिलिअँपिअर हवे असतील तर 3.6 वॅट लागले. गळती धरून बॅटरीकडून साडेचार वॅट घ्यावे लागतील, म्हणजे जेमतेम 0.38 अँपिअर. हा आकडा पाहून मुले अर्ध्या अँपिअरची कॉइल आणतात आणि तिथेच फसतात, कारण 0.38 ही नुसती सरासरी आहे. 100 मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये दर फेरीत करंट शून्यापासून 1.3 अँपिअरपर्यंत चढतो. गाभा तेवढ्याला पुरला नाही की संतृप्त होतो. मग कॉइल साध्या तारेसारखी वागते आणि करंट एकदम उसळतो. त्यात 25 अंशांना सुमारे 0.5 टेस्ला पेलणारे फेराइट 100 अंशांना 0.4 च्या आसपास येते. तांब्याचा रोधही 60 अंशांच्या वाढीत जवळजवळ पावपट वाढतो. तापलेली कॉइल अशी आणखी तापत जाते.

भंगारातल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेले पिवळे-पांढरे कडे अनेकांच्या हाताशी असते. जाड तारेमुळे ते दणकट वाटते. पण त्याचा गाभा लोखंडी भुकटीचा, करंटमध्ये थोडाच चढउतार असेल अशा जागेसाठी बनवलेला. इथे तार थंड राहिली तरी गाभाच भाजतो. काटकसरीचे मोल आम्ही जाणतो, तरीही हवेची फट ठेवलेला फेराइट गाभा विकत घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पंखा हा शेवटचा उपाय, कारण वाऱ्याने कमी पडलेला गाभा मोठा होत नाही. संतृप्तीचा करंट शिखराच्या दीडपट ते दुप्पट, म्हणजे इथे दोन ते अडीच अँपिअर असलेली कॉइल निवडावी. माहितीपत्रकातला दुसरा करंट बहुधा 40 अंशांच्या तापमानवाढीवर ठरवलेला असतो. डब्यातली हवा 55 अंशांची असेल तर त्या करंटला कॉइल 95 वर पोचते आणि शेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही तापवते. त्याला लांब बसवावे, डब्याला खाली-वर भोके पाडावीत. 5 व्होल्टचा मोबाइल चार्जर टाळावा. तेवढ्याच वॅटसाठी करंट 2.4 पट होतो आणि तांब्यातली उष्णता जवळजवळ सहापट.

चालू सर्किटच्या कॉइलला बोट लावून पाहण्याची सवय मात्र आजच मोडायला हवी. तिचे एक टोक दर फेरीत 180 व्होल्टवर जाते. आधी वीज बंद करावी, मग कपॅसिटर रिकामा होऊ द्यावा. 4.7 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला 470 किलोओहमचा रोध कायमचा जोडला तर 10-12 सेकंदांत तो जवळपास उतरतो. तरीही मीटर लावून खात्री करावी.

विज्ञान शिक्षकांना आणि आयटीआयच्या निदेशकांना आमची विनंती आहे, की प्रदर्शनात मांडण्याआधी असे प्रत्येक सर्किट बंद डब्यात तासभर चालवून पाहावे, आणि जमल्यास भर दुपारी, पत्र्याखाली.