वाद नावाचा, प्रश्न रुग्णालयाचा

कार्बापेनेम वर्गातील राखीव प्रतिजैविकेही निष्प्रभ करणाऱ्या एका विकराविषयीचा अभ्यास ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि दिल्लीत खळबळ उडाली. कारण त्या विकराचे नाव होते ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१’. सरकारने नावाला हरकत घेतली. वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा डाव असल्याचीही टीका झाली. नाव कायम राहिले आणि जिवाणूंचा फैलावही थांबला नाही.

पुढे धोरणे आली. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीने औषधविक्रेत्याला ठरावीक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक केले. २०१७ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात संसर्ग-प्रतिबंधालाही स्थान मिळाले. तरीही कायद्याचा धाक राहिला तो औषधाच्या दुकानापुरता. रुग्णालयासाठी मार्गदर्शक सूचना पुरेशा मानल्या गेल्या.

वास्तविक, अतिदक्षता विभागातील क्लेब्सिएला वा ॲसिनेटोबॅक्टर हे जिवाणू अनेकदा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतात ते कर्मचाऱ्यांच्या हातांवरून, श्वसनयंत्राच्या आणि मूत्रमार्गातील नळ्यांवरून. मग मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून एके काळी बाजूला ठेवलेल्या कोलिस्टिनचा आधार घ्यावा लागतो. हात धुण्याने प्रसूतिगृहातील मृत्यू घटतात, हे सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवले होते. आज उणीव ज्ञानाची नाही. उणीव आहे ती परिचारिकांच्या पुरेशा संख्येची, वाहत्या पाण्याची आणि उत्तरदायित्वाची.

आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राचे हात बांधलेले आहेत, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयांची देयके सार्वजनिक निधीतून भागवली जातात. रुग्णालयात जडलेल्या संसर्गाचे प्रमाण मोजणे आणि कळवणे ही त्या योजनेतील सहभागाची अट करता येईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे : जे रुग्णालय प्रामाणिकपणे मोजेल, तेच बदनाम होईल. म्हणून प्रारंभी शिक्षा आकड्यांना नव्हे, तर न मोजण्याला असावी. रुग्णांच्या आजाराची तीव्रता लक्षात घेऊन तुलना करण्याची पद्धत बसल्यावर, त्रयस्थ पडताळणीनंतर ही माहिती जनतेसमोर ठेवावी.

शस्त्रक्रियेचा खर्च किती येईल, हे रुग्णाला आधी सांगितले जाते. तेथे संसर्ग जडण्याची शक्यता किती, हे विचारण्याचा अधिकारही त्याला आहे. त्याचे उत्तर देण्याची व्यवस्था उभारणे हे शासनाचे काम आहे.