पंक्तीस आलेला पाव

पंक्तिप्रपंच हा आपल्या घरांतून मोठा दोष मानिला आहे. एका पंक्तीस बसलेल्यांपैकीं एकाच्या पानांत तूप अधिक व दुसऱ्याच्या पानांत कमी पडलें, तर वाढणाराला कोणी बोलावें लागत नाहीं. त्याचें मनच त्याला खातें. कमावता व न कमावता, पाहुणा व घरचा, हे भेद पानाबाहेर ठेवावेत ही शिस्त एकत्र कुटुंबांस फार काळ सांभाळीत आली. (बायका मात्र मागाहून जेवीत; तें ह्या शिस्तीचें व्यंगच होतें, आणि त्याकडे पुन्हां यावयाचें आहे.) अलीकडे हा प्रपंच दुसऱ्या दारानें घरांत शिरला आहे. एकाला तळलेलें वर्ज्य, दुसऱ्याला गोड वर्ज्य, तिसऱ्याला मीठ बेताचें. मनुष्यानें केलेला भेद मनुष्य मोडूं शकतो. वैद्यानें सांगितलेला मोडावा कसा?

आमच्या सिरोंच्याच्या घरीं अकरा माणसें आहेत. थोरले बंधू, ज्यांस सर्वजण दादा म्हणतात, पंचाहत्तरीचे. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी चोंदल्याचें निघालें व तळलेले पदार्थ बंद झाले. जिल्ह्याचें ठाणें गडचिरोली येथून सुमारें २०० किलोमीटर, मध्यें आलापल्लीचें अरण्य. रात्रीं-अपरात्रीं छातींत कळ आली तर काय, हा प्रश्न ज्या घरांत आहे तेथें पथ्याची थट्टा कोणी करीत नाहीं. परंतु रविवारीं सकाळीं मुलांना गोड टोस्ट लागतो: पावाचे दोन काप, मध्यें सारण, दुधांत बुडवून तुपांत खरपूस केलेले. सारी मंडळी तो खात असतां दादा ओसरीवर ज्वारीच्या लाह्या घेऊन बसत. पथ्य त्यांना जड गेलें नाहीं. वेगळें पान जड गेलें.

दिवाळींत धाकट्या सूनबाईनें नागपुराहून ‘एअर फ्रायर’ आणला. ह्याला ‘वायुभर्जक’ म्हणावें असें माझ्या मनांत आलें होतें; पण घरांतील मुलांनीं त्याचें नांव ‘वाऱ्याची पेटी’ ठेविलें आणि तेंच चाललें. त्या पेटींत हा टोस्ट कसा होतो, व तिच्याकडून काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, हें गेल्या कांहीं महिन्यांत आम्हीं नीट पाहिलें आहे. तें सांगण्यापूर्वीं पावाविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण हा पदार्थ आपल्या स्वयंपाकघरांत सरळ वाटेनें आलेला नाहीं.

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज. पीठ पायांनीं तुडवितात म्हणून पाव, ही व्युत्पत्ति शाळेंत दर वर्षीं एक तरी विद्यार्थी सांगे. ती खोटी आहे. पण त्या खोट्या व्युत्पत्तीमागची किळस खरी होती. १८४९ मध्यें मुंबईस परमहंस सभा निघाली. तिच्या संस्थापकांत दादोबा पांडुरंग होते, ज्यांच्या व्याकरणावर कितीएक पिढ्या मराठी शिकल्या. जातिभेद मानीत नाहीं ह्याची खूण म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्ती भटाऱ्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. आणि हा सगळा व्यवहार गुप्तपणें चाले. १८९० मध्यें पुण्यास पंचहौद मिशनच्या शाळेंत टिळक, रानडे आदि मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं, त्याचें ग्रामण्य होऊन प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. आज त्याच घरांतलीं पणतवंडें पाव नाहीं म्हणून रुसतात. ह्याचें कोणाला वाईट वाटत असेल तर वाटो, मला वाटत नाहीं. तूप लावलेल्या अपूपाचा उल्लेख ऋग्वेदांत आहे. पीठ, तूप व गोडी ह्यांचा संयोग आपणांस परका नव्हता, परका होता तो फक्त भटारी.

दुधांत भिजविलेला पाव हा फ्रेंचांचाच शोध असेंही नाहीं. आपीकियस ह्याच्या नांवावर असलेल्या लॅटिन पाकग्रंथांत पावाचे तुकडे दुधांत भिजवून, तेलांत तळून, वर मध ओतावा असें सांगितलें आहे. फ्रेंच लोक त्यास ‘पें पेर्द्यू’, म्हणजे वांया गेलेला पाव, असें म्हणतात; शिळा पाव टाकून न देतां त्याचें गोड करावें हा त्यांतील हेतु. आमच्या अगदीं शेजारीं ह्याचा भाऊ नांदतो. प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या पलीकडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि हैदराबादच्या लग्नाच्या जेवणांत ‘डबल का मीठा’ अजून मानाचा पदार्थ आहे. पावाचे काप तुपांत तळून साखरेच्या पाकांत व केशरी दुधांत मुरवावे, असा तो प्रकार. उत्तम लागतो, पण दादांच्या रक्तवाहिनीस त्याच्याहून मोठा वैरी शोधावा लागेल.

आतां पेटी. वर विजेचें वेटोळें तापतें, त्यावरचा पंखा तो तप्त वारा खालच्या जाळीदार टोपलींत वेगानें फिरवितो. २०१० मध्यें फिलिप्स कंपनीनें हें यंत्र प्रथम बाजारांत आणिलें. नांवांत ‘फ्रायर’ असलें तरी ती तळीत नाहीं, भाजते; लहानशी, वारा भरलेली भट्टीच ती. तेल उष्णता झपाट्यानें पदार्थांत घालतें, तसें वाऱ्यास साधत नाहीं. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोंपर्यंत त्याचें पृष्ठ १०० अंशांच्या फार वर चढत नाहीं, आणि खरपूस रंग तर साधारण १४० अंशांच्या पुढें येऊं लागतो. हा रंग म्हणजे प्रथिनें व साखर ह्यांच्या संयोगाचें फळ. लुई कामीय मायार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ मध्यें ह्या क्रियेचें वर्णन केलें. एवढें लक्षांत ठेविलें कीं पुढील कृतींतील प्रत्येक ‘कां’चें उत्तर आपोआप मिळतें.

सारण पुरणाचें. जॅम नको, त्यांत साखरेवांचून फारसें कांहीं नसतें. आमच्या तेलुगू शेजारणी पुरणपोळीस ‘भक्षालु’ म्हणतात, आणि त्या शब्दांतील ‘भक्ष्य’ ऐकून माझ्यासारख्यास उगाच आनंद होतो. हरभऱ्याची डाळ २०० ग्रॅम मऊ शिजवून पाणी पुरतें निथळावें (तें कटाच्या आमटीस ठेवावें), १५० ग्रॅम गूळ घालून घोटावें, वेलदोडा व जायफळ घालावें. पळी उभी राहिली कीं पुरण झालें, हा पोळीचा नियम. येथें त्यापुढेंही चार मिनिटें आटवावें. ओलें पुरण आंतून वाफ सोडतें व पाव लिबलिबीत होतो. एवढ्यांत बारा टोस्ट भरतात.

पाव आदल्या दिवशींचा घ्यावा. ताजा पाव दूध अधाशासारखें पितो व हातांत तुटतो. कडा कापून वेगळ्या ठेवाव्यात, एका कापावर दोन चमचे पुरण मध्यभागीं पसरावें, भोंवतीं बोटभर जागा सोडावी, दुसरा काप ठेवून कडा दुधाच्या बोटानें ओल्या करून दाबाव्यात. हें काम मुलांकडे द्यावें, पण तपासून घ्यावें. कारण कडा चिकटल्या नाहींत तर पेटींतला पंखा वरचा काप उचलून फेकतो.

दुधाचें मिश्रण असें: ३०० मिलीलीटर दूध, एक मोठा चमचा बेसन, दोन चमचे तांदुळाची पिठी, चिमूटभर मीठ, असल्यास केशर. साखर मुळींच नको. मूळ कृतींत येथें अंडें असतें. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं खुशाल घालावें. ज्यांच्या घरीं चालत नाहीं त्यांनीं हळहळूं नये. अंड्याचें काम दोन प्रकारचें, मिश्रण बांधून धरणें आणि रंगासाठीं प्रथिनें पुरविणें. बेसन हीं दोन्ही बऱ्यापैकीं करतें. टोस्ट ह्या मिश्रणांत बुडवून ठेवूं नये. एक बाजू टेकवावी, दुसरी टेकवावी, उचलून निथळावा. तव्यावर दोन थेंब अधिक झाले तर चालतें. पेटींत ते जाळींतून खालीं गळून करपतात, आणि वर सांगितल्याप्रमाणें भिजलेलें पृष्ठ तांबूस होण्याऐवजीं नुसतें शिजतें.

पेटी १८० अंशांवर तीन मिनिटें रिकामी तापवावी, जाळीस तुपाचें बोट लावावें. प्रत्येक टोस्टास अर्धा चहाचा चमचा पातळ तूप दोन्ही बाजूंस मिळून कुंच्यानें लावावें. हें अर्धें चमचे तूपही वगळणारे लोक आहेत. त्यांचा टोस्ट कोरड्या खारकेसारखा होतो. पांच मिनिटांनीं उलटावा, आणखी चार मिनिटें ठेवावा. सोन्याच्या रंगावर काढावा, काळपट होऊं देऊं नये. पिष्टमय पदार्थ फार भाजले असतां त्यांत ‘ॲक्रिलामाईड’ नांवाचें अनिष्ट द्रव्य तयार होतें, असें २००२ मध्यें स्वीडनच्या संशोधकांनीं दाखविलें. पेटी वापरली म्हणून तें टळत नाहीं. वीज म्हणाल तर १४०० वॅटची पेटी दहा मिनिटांत पाव युनिटाहूनही कमी खाते. पावास पाव युनिट, असें म्हणून मुलें हंसलीं.

तूप वांचलें किती? येथें जाहिरातींवर विश्वासूं नये. त्या बुडत्या तेलाशीं तुलना करितात. तव्यावर मंद आंचेनें एक चमचा तुपांत भाजलेला टोस्ट आणि पेटींतला टोस्ट ह्यांत फरक अर्ध्या चमच्याचा, म्हणजे साधारण २० कॅलरींचा आहे. ज्यांच्या घरीं पेटी नाहीं त्यांनीं केवळ एवढ्यासाठीं ती घेऊं नये. कुंचा व जाड तवा पुरे. आमच्या घरीं पूर्वीं तूप सढळ हातानें पडे, म्हणून फरक मोठा दिसला.

आणि साखर? तिला वारा लागत नाहीं. एका टोस्टांत सुमारें १२ ग्रॅम गूळ जातो. गूळ म्हणजे औषध असें मानणारीं घरें पुष्कळ आहेत. परंतु गुळांत मुख्यतः साखरच असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें सांगितलेली मर्यादा, २००० कॅलरींच्या आहारास दिवसाला ५० ग्रॅमांच्या आंत, व शक्य तर २५ च्या आंत, अशी आहे. दोन टोस्ट आणि दोन कप गोड चहा झाला कीं दुसरी मर्यादा न्याहारींतच संपली. माझ्या धाकट्या भावजयीस मधुमेह आहे. ‘तळलेला नाहीं, मग मला चालेल’, असें तिनें पहिल्याच रविवारीं म्हटलें, आणि ह्या पेटीचा खरा धोका तो हाच. पाव मैद्याचा, आंत गूळ. तेल गेलें म्हणून तो निर्दोष झाला नाहीं. आतां ती आधीं वाटीभर मटकीची उसळ खाते व मग सर्वांबरोबर अर्धा टोस्ट घेते. दादांच्या डॉक्टरांसही विचारलें. त्यांनीं कृति ऐकून घेतली, तुपाचें माप पुन्हां पुन्हां विचारलें, आणि महिन्यांतून दोन वेळां एक टोस्ट घेण्यास हरकत नाहीं म्हणाले. म्हणून घरांतले टोस्टचे रविवारच दोन केले. मुलांनीं कुरकुर केली. त्यांच्याही दातांचें बरेंच झालें.

एक अडचण मात्र मोठी. टोपलींत एका वेळीं तीन टोस्ट बसतात. बारा टोस्टांस चार फेऱ्या, म्हणजे चाळीस मिनिटें. पहिला खाऊन उठतो तेव्हां शेवटचा वाट पाहत असतो. ही तर पुन्हां पंक्ति मोडणेंच झालें. ह्यावर सूनबाईनें काढलेली तोड अशी: सर्व टोस्ट आधीं सात-सात मिनिटें भाजून ताटांत जाळीवर मांडून ठेवावेत, पानें मांडलीं कीं चार-चार, उभे कलते लावून, दोन-दोन मिनिटें पुन्हां गरम करावेत. सहा मिनिटांत सर्वांच्या पानांत गरम टोस्ट पडतो.

तव्यापुढें मात्र ही सोय नव्हती. तव्याजवळ कोणीतरी उभें राहावेंच लागे, आणि तें ‘कोणीतरी’ म्हणजे वहिनी. चाळीस वर्षें त्यांनीं रविवारची न्याहारी सर्वांच्या मागाहून, गार, उभ्या उभ्या केली. पेटी वेळ झाली कीं स्वतः घंटा वाजविते व स्वतः बंद पडते. शेवटची फेरी आंत टाकून वहिनी आतां पानावर येऊन बसतात. दादांना लाह्यांवरून टोस्टावर आणण्यासाठीं आम्हीं पेटी वापरूं लागलों. पण माझ्या मतें तिनें ह्या घरीं केलेलें मोठें काम वहिनींचें पान मांडलें जाणें हेंच आहे. अर्धा चमचा तुपासाठीं मी ती विकत घ्या असें म्हटलें नसतें, ह्यासाठीं म्हणेन. पावसाळ्यांत वीज गेली तर तवा आहेच. त्या दिवशीं तव्याजवळ आळीपाळीनें उभें राहावें, आणि ती पाळी पुरुषांपासून सुरू करावी.

कापलेल्या कडा टाकूं नयेत. टोस्ट निघाल्यावर पेटी तापलेलीच असते. कडांस तेलाचें बोट, जिरें व मीठ लावून त्या आंत टाकाव्यात, म्हणजे दुपारच्या चहास कुरकुरीत होतात. त्यांना दोन मिनिटें पुरतात. तिसऱ्या मिनिटास करपतात.