सूत आणि लोखंड एका कुलपात नको

पावसाळा तोंडावर आला की आपले व्यापारी बांधव गोदामाचे पत्रे तपासतात, गळती बुजवतात, ताडपत्री घालतात आणि माल सुरक्षित झाला असे समजतात. छपरातून गळणारे पाणी डोळ्यांना दिसते, म्हणून त्याचा बंदोबस्त होतो. हवेतले पाणी दिसत नाही. उर्दू शाळेत आम्ही त्याला नमी म्हणत असू, इथल्या बाजारात दमटपणा म्हणतात. लोखंडी मालाचा खरा शत्रू तोच आहे.

आमचा धंदा सुताचा. भिवंडीचे यंत्रमागवाले आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या सोयीसाठी कोपरीच्या गोदामात सुताच्या पेट्यांशेजारी आम्ही मागाचे सुटे भागही ठेवू लागलो. फण्या, गिअर, बेअरिंग. गिऱ्हाईक एकच, तेव्हा कुलूपही एकच, असा आमचा हिशोब. एका पावसाळ्यात फण्यांवर तांबूस ठिपके दिसले. ते रॉकेलने पुसून आम्ही फण्या विकल्या. पंधरा दिवसांत एक कारखानदार भाई कापडाचा तागा घेऊन दारात उभे राहिले. खरबरीत झालेल्या फणीने ताणा घडोघडी तुटत होता आणि कापडावर गंजाच्या रेघा उमटल्या होत्या. फणी बदलून दिली, ताग्याचे पैसेही दिले. पण माग बंद राहिला त्या दिवसांची कारागिराची मजुरी गेली ती गेलीच. चूक आमची होती, म्हणून हे लिहीत आहोत.

सुताला नमी हवी असते. पूर्ण सुकवलेल्या १०० किलो सुती धाग्यात ८.५ किलो पाणी व्यापारात रीतसर धरले जाते. हवेचा दमटपणा ६५ टक्क्यांच्या आसपास असला की सूत वजनाला भरते आणि मागावर कमी तुटते. लोखंडाचे उलटे आहे. इंग्लंडच्या वर्नन या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिले की धुराने मळलेल्या हवेत दमटपणा ६० टक्क्यांच्या वर गेला की गंज एकदम वेग घेतो. लोखंडी माल ५० टक्क्यांच्या खाली ठेवलेला बरा. म्हणजे एकाला जे मानवते त्यात दुसरा मरतो.

त्यात कोपरीला लागून खाडी आहे. इथल्या मीठबंदराचे नावच सांगते की हा भाग मिठाचा. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचा बारीक अंश मालावर बसतो. हवा ७५ टक्के दमट झाली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओले होते आणि त्याखाली लोखंड कुरतडले जाते. पावसाळ्यात आपल्याकडे दमटपणा दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असतो. घामट हाताने माल हाताळला तरी हेच घडते.

आणखी एक सवय घातक आहे. हवा खेळावी म्हणून आपण सकाळी शटर सताड उघडतो. रात्रभर बंद गोदामात लोखंड समजा २६ अंशांवर आले. बाहेरची हवा ३० अंश आणि ८५ टक्के दमट असेल, तर साधारण २७ अंशांपेक्षा थंड वस्तूवर तिचे दव जमणारच. पंखा लावल्याने ही हवा कोरडी होत नाही, उलट नवी नमी आत येते. पावसाळी दिवसांत लोखंडाची खोली बंदच ठेवावी.

मग करायचे काय? पहिले काम, दमटपणा मोजणे. भिंतीवर लावायचे साधे मापक पुरते. ते खरे दाखवते का, हे घरच्या मिठाने तपासता येते. वाटीत मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने चिखलासारखे ओले करा, वाटी आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ च्या आसपास हवा.

दुसरे, संपूर्ण गोदाम कोरडे करण्याच्या नादी लागू नका. एक लहान खोली, फटी बुजवलेली, लोखंडासाठी वेगळी काढा आणि तिथे हवेतील पाणी शोषणारे यंत्र बसवा. तेही नसेल तर खोली नुसती गरम ठेवल्यानेही फरक पडतो. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की ६८ टक्क्यांच्या आसपास येते. मात्र तेल, कागद आणि सूत अशा उष्णतेपासून दूर हवे.

तिसरे, माल भिंतीपासून आणि फरशीपासून सोडून फळ्यांवर ठेवा. तेलाचा हात द्या, गंजरोधक कागदात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून तोंड बंद करा. ओलसर गोणपाट आणि पुठ्ठा लोखंडाला लागू देऊ नका. जुना माल आधी विका.

खर्च एकट्याला झेपत नाही हे आम्हालाही कळते. पण तीन-चार दुकानदारांनी मिळून एक कोरडी खोली घेतली, भाडे आणि विजेचे बिल वाटून घेतले, तर कोणाच्याच अंगावर येणार नाही. बाजारात आपण शेजारी आहोत, तेव्हा खोलीतही शेजारी होऊ.

शेवटी एक गोष्ट. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हजरत पैगंबर (स.) यांनी हात घातला तेव्हा आतला माल पावसाने ओला लागला. ओले धान्य वर ठेवावे म्हणजे घेणाऱ्याला दिसेल, अशी ताकीद त्या व्यापाऱ्याला मिळाली. आम्ही ठिपके पुसले, म्हणजे ओले धान्य खालीच ठेवले. गंज लागलाच तर गिऱ्हाईकाला दाखवा, भाव कमी करा, नाहीतर माल भंगारात घाला. गोदामाची नमी यंत्राने जाईल, पण पुसून विकलेला ऐब कारागिराच्या मागावर उघडा पडतोच.