चादर वाटून फोटो काढणाऱ्यांनो, निवारा कुणी मागायचा?

मागच्या डिसेंबरात मिरज जंक्शनच्या बाहेर आम्ही पाचसहा कार्यकर्ते रात्री चादरी वाटत होतो. भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीच्या अंगावर मी चादर टाकली आणि मित्राने मोबाईल वर केला. आजी म्हणाली, "लेकरा, या आठवड्यातली ही तिसरी. दिवसा ठेवू कुठं? डोक्यावर?"

तो फोटो मी टाकला नाही. पण याआधी असे फोटो मीही टाकले आहेत, म्हणून आधी स्वतःला आणि मग तुम्हाला विचारतो. ज्या माणसाला चादर ठेवायला जागा नाही, त्याला आपण नेमकं काय देतो आहोत?

वर्गणीला माझा विरोध नाही. आपली चळवळ वर्गणीवरच उभी राहिली. माझा विरोध आहे तो वर्गणीच्या बदललेल्या कामाला. पूर्वी समाज पैसा गोळा करायचा तो माणूस उभा करायला. आज सातारा असो वा सांगली, नेते पैसा गोळा करतात आणि त्यातून बॅनर उभा राहतो. बॅनरवर देणाऱ्याचं नाव मोठं, घेणाऱ्याचा चेहरा मोठा, आणि प्रश्न मात्र कुठेच नाही.

बेघरपण म्हणजे काय हे आंबेडकरी माणसाला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच त्यांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी स्वतः हाकली, तेव्हा कुठे प्रवास सुरू झाला. मध्यरात्री टोलनाक्यावर घोटभर पाणी मिळालं नाही. डबा तसाच बंद ठेवून ती लेकरं गाडीतच झोपली. त्यातला एक मुलगा भीमराव. पुढे 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेल्या त्याच भीमरावांना बडोद्यात पारशी सराईतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं, आणि त्यांना बागेत बसून राहावं लागलं. खिशात पैसे होते, पदवी होती, नोकरी होती. छप्पर नव्हतं, कारण छप्पर नाकारणारी जात होती. बाबासाहेबांनी यातून धडा काढला तो हक्काचा. कुणी दयाळू सराईवाला भेटावा म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत.

आज रस्त्यावर कोण आहे ते जरा नीट बघा. म्हातारपणी घराबाहेर काढलेले आईबाप आहेत, मानसिक आजारी माणसं आहेत, नवऱ्याने टाकलेल्या बाया आहेत. आणि पालात राहणारे पारधी, डोंबारी, वैदू, गोसावी आहेत. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण गावाच्या डोळ्यातला संशय गेला नाही. 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. बेघर माणूस थंडीने मरतो हे अर्धं सत्य आहे. तो अनोळखी असण्यानेही मरतो.

आता कायद्याचं बोलू. 1985 मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. 2010 मध्ये त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असं सांगितलं. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हेच प्रमाण धरलं आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा सांगितली. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती, सातारा शहराची एक लाखाच्या वर. म्हणजे इकडे किमान पाच आणि तिकडे किमान एक. ही बेरीज चौथीतलं पोरगंही करेल. मग आपल्या एकाही बॅनरवर ती का नसते?

कारण चादर मागायला धाडस लागत नाही. निवारा मागायचा तर पालिकेच्या दारात उभं राहावं लागतं, आणि ज्या नगरसेवकाच्या हातून चादरी वाटल्या त्यालाच जाब विचारावा लागतो. दानाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणा सुखी, आयोजक सुखी. अवघडलेला असतो तो फक्त घेणारा.

कुणी म्हणेल, "माणूस आज रात्री कुडकुडतोय आणि तू कायदा सांगतोस?" बरोबर आहे. आज रात्री चादर द्याच. पण फोटो न काढता द्या, आणि चादरीबरोबर एक वही न्या. नाव, वय, मूळ गाव, आजार, कुठली कागदपत्रं आहेत, कुठली नाहीत, हे लिहून घ्या. 2011 च्या जनगणनेने बेघर मोजले ते फेब्रुवारीतल्या एका रात्री, आणि महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांच्या आसपास निघाले. एका रात्रीत किती सुटले असतील याचा विचार करा. वहीतला आकडा हाती असला की माहितीच्या अधिकारात विचारा: निवारे किती, खाटा किती, खर्च किती. बेघराला मतदार होता येतं. पत्त्याचा पुरावा नसला तरी निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री जाऊन तो तिथे झोपतो याची खात्री करायची, असा आयोगाचा नियम आहे. रमाई आवास योजना आपल्या नावाची आहे, पण ज्याच्याकडे ना सातबारा ना जातीचा दाखला, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. तो दाखला काढून देणं हे शंभर चादरींपेक्षा मोठं दान आहे.

वर्गणीचं काय करायचं, याचं उत्तरही आपल्याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घराघरातून मूठमूठ धान्य गोळा केलं. त्या मुष्टिफंडावर साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवली, एका छपराखाली झोपली. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या मुठीतून वास्तू उभी राहिली, माणसं उभी राहिली. आजही सांगलीतलं सावली बेघर निवारा केंद्र किंवा वाई तालुक्यातल्या वेळे इथलं यशोधन बारा महिने माणसं सांभाळतं. अशा ठिकाणी महिन्याला शंभर रुपये आणि आठवड्याला दोन तास द्या. आंघोळ घालायला, केस कापायला, दवाखान्यात न्यायला हात लागतात. आणि जमवलेल्या पै पैचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहा.

येत्या 14 एप्रिलला प्रत्येक मंडळाने डीजेच्या खर्चातला एक हिस्सा बाजूला काढावा. त्यातून वही, झेरॉक्स, अर्जाची फी आणि तहसीलच्या चकरा भागतील. एवढ्यात एका माणसाचा दाखला निघतो. दहा मंडळं एकत्र आली तर पालिकेला निवाऱ्याचा ठराव घ्यायला लावता येतो.

मसूरजवळच्या त्या रात्री एखाद्याने त्या पोरांना चादर दिली असती तर बरंच झालं असतं. पण सकाळी टोलनाका तसाच राहिला असता. आपलं काम त्या नाक्यावर आहे.

जय भीम!